डबल द्या, ताई

"डबल द्या, ताई."

गाडी स्टँडवरून हलायच्या आधी आमच्या ड्रायव्हरचं हे वाक्य ठरलेलं. शेवटचा प्रवासी आत आलेला असायचा, दार लागलेलं असायचं, पुढचा रस्ता मोकळा असायचा, तरी त्यांचे हात स्टेअरिंगवर नुसते ठेवलेले. घंटीची दोरी एकदा ओढली की थांबायचं आणि दोनदा ओढली की निघायचं, एवढं तर तुम्हीही एसटीत बसून बसून शिकला असाल. बरेच ड्रायव्हर दार आपटल्याचा आवाज ऐकूनच गिअर टाकतात. यांचं तसं नव्हतं. तिकिटांच्या गडबडीत मी विसरले तर ते आरशातून माझ्याकडे बघत बसायचे आणि पाहुण्याने पाणी मागावं तसं हळूच म्हणायचे, "डबल द्या, ताई."

मी श्रीरामपूरची. तोंडाने फटकळ, आणि कंडक्टरची नोकरी लागल्यावर जास्तच. नगर-पारनेर गाडीवर आम्ही दोघांनी कितीतरी वर्षं एकत्र ड्युटी केली. मी त्यांना काका म्हणायची. तुम्ही माणसं तोंडावरून ओळखता, मी हा माणूस मानेवरून ओळखला. खाकी कॉलर, कॉलरच्या वर उन्हाने रापलेली पट्टी, उजव्या कानामागे तीळ. मान ताठ झाली की समजायचं पुढे गुरं आहेत. डावीकडे कलली की फाट्यावर कुणीतरी हात करतंय. काका मनातून चिडलेत की खुशीत आहेत, हे मला मागच्या सीटवरूनसुद्धा सांगता यायचं.

सकाळी गाडी ताब्यात घेतली की ते लोखंडी टॉमी घेऊन तिच्याभोवती एक चक्कर मारायचे. प्रत्येक टायरवर एक ठोका आणि कान तिकडे. "बोलतंय," म्हणायचे आणि पुढच्या चाकाकडे जायचे. एखाद्या टायरचा आवाज बसका आला तर, "हे आज नाराज हाय." मग हवा भरल्याशिवाय गाडी निघणं नाही, प्रवासी कितीही ओरडोत. ओरडा मी खायची, कारण ड्रायव्हरला कुणी बोलत नाही.

मी नवीन असताना एकदा कामरगावच्या पुढे भर उन्हात गाडी बंद पडली. मागून आलेल्या गाडीत मी सगळे प्रवासी बसवून दिले आणि स्वतःही पायरीवर पाय ठेवला. घरी मुलगी तापाने फणफणली होती, सकाळीच काकांना बोलले होते.

"ताई, उतरा खाली," काका म्हणाले. "ड्रायव्हर-कंडक्टरनं गाडी सोडायची नसती."

"बंद पडलेली गाडी कोण चोरून नेणार आहे?"

"चोरायचं न्हाई वो. आपन गेलो की ती बेवारस व्हती."

डेपोची ब्रेकडाउन व्हॅन येईपर्यंत ते बंद गाडीच्या सीटवर बसून राहिले, तेही ताठ, जणू मी आता डबल देणारच आहे. मी मागे बसून मनातल्या मनात त्यांना खूप बोलून घेतलं. संध्याकाळी घरी पोचले तर मुलीच्या उशाशी त्यांची बायको बसलेली, हातात ओली घडी. मी प्रवासी बसवून देत होते तेवढ्यात काकांनी घरी फोन करून काकूंना माझ्याकडे पाठवलं होतं. मला त्यातलं अक्षर बोलले नव्हते.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते.

पारनेरहून परतीची गाडी होती, दुपारची, राळेगणवरून जाणारी. राळेगणसिद्धी यायच्या अलीकडे रस्त्याला एक उतार आहे आणि उताराच्या तळाशी बाभळींचं वळण. गाडी गच्च भरलेली. मी मागे पोरांकडे पास मागत होते, आणि पुढून आवाज आला, "ताई, सिंगल द्या."

इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे सिंगल कधी मागितली नव्हती. ब्रेक त्यांच्याच पायाखाली असतो, थांबायला माझी परवानगी कशाला? मी आरशात पाहिलं. त्यांची नजर रस्त्यावर होती, पण ती रस्ता बघत नव्हती. मी दोरी ओढली. त्यांनी गाडी अगदी सरळ कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मगच डोकं स्टेअरिंगवर टेकलं. शर्ट घामाने चिंब. एका बाईने पिशवीतून पेढा काढून त्यांच्या तोंडात घातला आणि थोड्या वेळाने डोळे पुन्हा जागेवर आले. शुगरची गोळी सकाळी घेतली होती आणि जेवण राहून गेलं होतं, एवढंच झालं होतं. प्रवासी म्हणाले, चला काका, झालं बरं, निघू या. काका म्हणाले, "मी न्हाई चालवनार."

पुढे ते स्वतःच साहेबांकडे गेले आणि घडलं ते सगळं सांगितलं. डेपोतले लोक म्हणत होते, कशाला सांगता, कुणाला काही झालं नाही, रिटायरमेंट तोंडावर आली आहे. ते म्हणाले, "मागं भरलेली गाडी हुती." मेडिकल झालं, अनफिट ठरले, आणि स्टेअरिंग जाऊन त्यांना डिझेल पंपाशेजारची खुर्ची मिळाली.

त्या खुर्चीवर बसलेले काका मला बघवत नसत. आयुष्यभर मागून पाहिलेला माणूस एकदम समोरून दिसायला लागला, आणि समोरून तो म्हातारा होता.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून ते पहाटे चालायला लागले. चालण्याने भागेना म्हणून पळायला लागले. पळायचे खाकी पँटवर, डावी बाजू धरून, आणि वळताना हात दाखवून. मी खरंच सांगते, मोकळ्या मैदानातसुद्धा वळायच्या आधी हात बाहेर काढायचे. डेपोतल्या पोरांनी एसटीच्या जलद गाडीवरून त्यांचं नाव एशियाड ठेवलं. साधी गाडी आता थांबे घेत नाही, म्हणायचे. काका हसायचे आणि बूट उलटा करून तळव्यावर टिचकी मारायचे. "बोलतंय," म्हणायचे.

काकूंचा याला विरोध होता, पण विरोध करत करत त्यांनीच गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळून त्यांच्या खिशात घातले. "पळायचं तर पळा," त्या म्हणाल्या, "पन गोळी घेऊन उपाशी निघालात तर दाराला कुलूप लावीन." काका काकूंना हेडऑफिस म्हणत. हेडऑफिसची ऑर्डर त्यांनी पुन्हा कधी मोडली नाही.

ते पळायचे कसे, तर आमच्या गाडीच्या थांब्यांप्रमाणे. आधी चासपर्यंत. मग काही आठवड्यांनी कामरगाव. एका रविवारी मी पारनेरहून गाडी घेऊन येत होते, तर सुप्याच्या स्टँडवर काका उभे, पायापासून डोक्यापर्यंत धुळीने माखलेले. नगरहून पळत आले होते. आत आले, पण सीट रिकामी असून बसले नाहीत. ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभे राहिले. प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीवर दाबला जायचा. नव्या ड्रायव्हरने शेवटी आरशातून हात जोडले. "काका, बसा वो. तुमी मागून ब्रेक दाबला की मला पुढं भ्या वाटतं."

वर्षाने मेडिकल पुन्हा झालं. वजन उतरलेलं, शुगर ताब्यात, एक गोळी सुटलेली. डॉक्टरांनी फिट लिहून दिलं. मी पेढे घेऊन पंपावर गेले, तर काका खुर्चीवर तसेच बसलेले आणि कागद शर्टाच्या खिशात.

"साहेबांना दिला नाही?"

"न्हाई."

"का?"

"कागद म्हनतो फिट. पन त्या दिवशी सकाळी बी मी स्वतःला फिटच समजत हुतो, ताई."

मी पेढ्यांचा पुडा न उघडताच खुर्चीशेजारी ठेवला.

रविवारी पळणाऱ्यांमधल्या एका डॉक्टरने त्यांना अल्ट्रामॅरेथॉनबद्दल सांगितलं होतं. मॅरेथॉनपेक्षाही लांब, पन्नास किलोमीटर. पारनेरहून निघायचं, राळेगणसिद्धीच्या पुढे जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्याने परत पारनेर. आमचाच रस्ता. तोच उतार, तीच बाभळी. ठरलेल्या वेळेत परत आलात तर मेडल. डॉक्टरने त्यांना तपासून हो म्हटलं होतं. काकांना मेडलशी देणंघेणं नव्हतं. ते म्हणाले, "दिवसभर अंगातलं सगळं वापरून बघतो. डोकं शेवटपर्यंत जाग्यावर राहिलं तर कागद साहेबांच्या टेबलावर. न्हाईतर ही खुर्ची बरी हाय. हितूनच रिटायर व्हईन."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी यायचं. माझी नजर तुमालाच कळती. ती हलली की सिंगल द्यायची, एक टाळी. मी थांबनार, आन परत स्टेअरिंगचं नाव काढनार न्हाई."

"आणि मी चुकून दिली तर?"

"तुमी कधी चुकून दिलीय का?"

मी त्या दिवशीची सुट्टी घेतली, नवऱ्याला मोटारसायकलसकट कामाला लावलं आणि थंडीत कुडकुडत पारनेरला पोचले. माझी झोप आदल्या दिवसापासून उडालेली होती. त्यांनी माझ्या हातात काय दिलंय, हे मला तिथे गेल्यावर नीट कळलं. त्यांची उरलेली नोकरी माझ्या एका टाळीवर होती.

सुरुवातीला गर्दी, लाउडस्पीकर, रंगीबेरंगी बनियन. सगळे शिट्टी वाजताच सुटले. काका जागेवरच उभे. मी कडेला होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं. मी दोन टाळ्या वाजवल्या. मग गाडी सुटली.

पहिल्या पाण्याच्या टेबलापाशी घोटाळा झाला. तुम्हाला माहीत असेल, प्रत्येक मोठ्या स्टँडवर गाडी आली की कंट्रोलरच्या खिडकीत नोंद करावी लागते, नोंद झाल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही. काका टेबलापाशी थांबले आणि कॉलेजच्या मुलीला म्हणाले, "एंट्री करा."

"काका, तुमच्या नंबरच्या मागे चिप आहे. ती आपोआप नोंद करते."

"चिप करती, पन सही कोन करतं?"

मुलगी गोंधळली. मागून पळणारे पाणी पिऊन पुढे जात होते. शेवटी तिने पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर त्यांचा नंबर लिहिला, वेळ लिहिली आणि सही केली. काकांनी वाकून वाचलं आणि मगच निघाले. पुढच्या टेबलावर तेच. त्याच्या पुढच्या टेबलावर तेच. मी ओरडून सांगितलं, "काका, वेळ जातोय." ते म्हणाले, "बिगर एंट्रीची गाडी न्यायची न्हाई." वळायच्या ठिकाणच्या टेबलावरचा माणूस तर पेन शोधायला त्याच्या गाडीपर्यंत गेला. असा त्यांचा वेळ गेला, आणि तो भरून काढायला त्यांनी वेग वाढवला असता तर ते काका कसले.

वळून परत येताना ऊन चढलं. दोन्ही बाजूला कांद्याची शेतं, आणि निंदणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघत होत्या. राळेगणच्या पुढे, बाभळींच्या वळणावर, मी मोटारसायकल थांबवायला लावली. तिथे पाण्याचं टेबल नव्हतं. पण मला तिथेच उभं राहायचं होतं.

काका आले. पळणं आता नावालाच उरलेलं होतं. वळणापाशी आले आणि एकदम खाली बसले, रस्त्याकडेच्या दगडावर, दोन्ही हातांनी पोटरी आवळून. अंगाला तोच घाम, शर्ट तसाच चिंब. नवरा म्हणाला, "अगं बघतेस काय, थांबव त्यांना." माझे हात वर आले होते.

मी जवळ जाऊन त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "काका, पुढचा थांबा कोणता?"

त्यांनी मान वर केली. सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"पुढं पारनेर, आन मधी दोन रिक्वेस्ट स्टॉप. तुमी लई घाबरलाय ताई. साडीचा पदर सुटलाय, मोटारसायकलच्या चाकात जाईल, तो आधी बांधा."

पदर खरोखरच सुटून लोंबत होता. मी तो कमरेला खोचला आणि हात खाली घेतले. पाय गेले होते, डोळे शाबूत होते. त्यांनी खिशातला लाडू काढला, अर्धा मला दिला, अर्धा स्वतः खाल्ला आणि पोटरीवर मुठीने एक ठोका मारला.

"नाराज हाय," म्हणाले. "पन चालंल."

तेवढ्यात मागे राहिलेल्यांना गोळा करणारी टेम्पो ट्रॅव्हलर आली. आत चार-पाच जण माना टाकून बसलेले. पुढच्या माणसाने दार उघडलं. "काका, वेळ संपत आलीय. आता मेडल मिळणार नाही. या, बसा आत."

काका उठून उभे राहिले. आधी एक पाय टेकवून पाहिला, मग दुसरा.

"तुमी व्हा पुढं," ते म्हणाले. "प्रवाशांना घेऊन जा. मी गाडीबरोबर येतो."

त्या माणसाला काही समजलं नाही. मला समजलं. कामरगावचं ऊन आठवलं आणि डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं आणि नवऱ्याला सांगितलं की धूळ गेली. ट्रॅव्हलर निघून गेली. काका माझ्याकडे बघत उभे. मी दोन टाळ्या दिल्या.

पारनेरला मी आधी पोचले. मैदानावरचं सगळं आवरत आलं होतं. कमान खाली घेतली होती, खुर्च्या टेम्पोत चढत होत्या, लाउडस्पीकरवाला वायर गुंडाळत होता. एकजण मला म्हणाला, "बाई, संपलं आता. कुणाची वाट बघताय?"

"आमची गाडी यायचीय," मी म्हटलं.

"कोणती गाडी?"

मी उभी राहिले. कंडक्टरनेही गाडी सोडायची नसते.

बऱ्याच वेळाने रस्त्याच्या टोकाला ते दिसले. डावी बाजू धरून, एक पाय ओढत. मैदानात शिरताना त्यांनी हात बाहेर काढून वळण दाखवलं. मागे कुणीही नव्हतं. आत आले, पण थांबायचं कुठे हे त्यांना कळेना. कमान नाही, रेषा नाही. ते खुर्च्यांच्या टेम्पोवरून पुढे गेले, माझ्यावरून पुढे गेले, आणि तसेच चालले असते. त्या पायांना आता फक्त जाणं माहीत होतं.

"पारनेर," मी नेहमीच्या आवाजात ओरडले. "चला, पारनेर आलं, उतरून घ्या." आणि एक टाळी वाजवली.

ते जागच्या जागी थांबले. उजवा हात बाजूला नेला आणि नसलेला हँडब्रेक ओढला. मग सावकाश वळले. टेम्पोवाला, वायरवाला, सगळे हातातलं काम टाकून बघत होते.

"नजर बघा, ताई," ते म्हणाले.

मी पाहिली. दमलेली होती, लाल झाली होती, पण मला बघत होती.

"डबल आहे," मी म्हणाले.

सोमवारी कागद साहेबांच्या टेबलावर गेला. काही दिवसांनी मी गाडीत चढले आणि समोर ती मान होती, थोडी बारीक झालेली, तीळ तिथेच. त्या दिवशी मी मुद्दाम दोरी ओढायला उशीर केला. मला ते वाक्य ऐकायचं होतं. रिटायर होईपर्यंत त्यांनी तीच गाडी चालवली. शेवटच्या दिवशी डेपोत हार घातले, नारळ दिला, त्यांनी तो टायरसमोर फोडला आणि घरी गेले. त्या पन्नास किलोमीटरबद्दल कुणीच काही बोललं नाही, कारण मेडल नव्हतं आणि फोटोही नव्हता.

आता ते मिरजगावच्या पुढे आपल्या गावी राहतात. फोन करत नाहीत. मी केला तर काकू उचलतात आणि म्हणतात, गेलेत पळायला. माझी बदली कर्जतच्या गाडीवर झाली. ड्रायव्हर तरुण आहे, चांगला आहे, दार लागलं की गाडी काढतो. दोरीला माझा हात पोचेपर्यंत स्टँड मागे पडलेलं असतं.

मागच्या महिन्यात सकाळच्या फेरीला मिरजगाव सोडलं आणि मी तिकिटं संपवून पुढे आले. रस्त्याच्या डाव्या कडेने कुणीतरी पळत होतं. खाकी पँट. कॉलरच्या वर उन्हाची पट्टी. तोंड दिसत नव्हतं, मला त्याची गरज नव्हती.

मी हात वर केला आणि दोरी दोनदा ओढली.

ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "मॅडम, गाडी चालूच हाय की."

"माहीत आहे," मी म्हणाले.

घंटीचा आवाज खिडकीतून बाहेर गेला असावा. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त उजवा हात बाहेर काढला आणि रस्ता मोकळा आहे, पुढे जा, अशी आम्हाला खूण केली.